घोडीच्या तोंडात काय आहे, ते आधी बघा

घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूचा हा तबेला, सकाळची वेळ, आणि सईसदादांनी घोडीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवलाय. चावत नाही ती, कारण तिथे दातच नाहीत. पुढचे दात संपले की दाढा सुरू होईपर्यंत मधे नुसती हिरडी, पातळ कातडी आणि लगेच हाड. लगामाचं बिट, म्हणजे तोंडात घालायचा दांडा, बसतं ते इथेच, जिभेवर आणि या हिरडीवर.

दादांच्या हातात आहे ते स्नॅफल, बिटाचा साधा प्रकार. रास, म्हणजे स्वाराच्या हातातला पट्टा, थेट बाजूच्या कडीला, त्यामुळे तुम्ही ओढाल तेवढंच तोंडाला लागतं. मधे एकच सांधा असेल तर ते जिभेवर दुमडतं, काही घोड्यांना टाळूलाही लागतं, म्हणून अनेकांना दोन सांध्यांचं जास्त मानवतं. जाड बिट म्हणजे मऊ बिट असं सगळे सांगतात, पण तोंड लहान आणि जीभ मांसल असली की जाड दांडा मावतच नाही, मग ही बघा, सारखी तोंड उघडतेय.

आता माप. दोरी ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, वर दोन्हीकडे साधारण अर्धा सेंटीमीटर. कमी पडलं तर ओठ चिमटतात, जास्त झालं तर बिट इकडून तिकडे सरकत राहतं. घातल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एखाद-दुसरी सुरकुती दिसली की बसलं.

हे लांब दांड्यांचं कर्ब, हनुवटीखाली साखळी. रास दांडीच्या खालच्या टोकाला, म्हणजे तरफच झाली, हात जरासा हलला तरी तोंड, हनुवटी आणि कानामागे एकदम दाब येतो. तोल सांभाळायला रास धरणाऱ्या नवशिक्याच्या हातात हे देऊच नये.

आणि हे काटेरी. वरातीच्या घोड्यांना अजून लावतात, डीजे आणि फटाक्यांत जनावर हलू नये म्हणून. जवळून बघा, टोकं थेट ओठाच्या कोपऱ्यावर येतात. जखमा चिघळतात, दुखण्याने घोडी उलट जास्त बिथरते, आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत आठव्या नियमाने याला सरळ बंदी आहे.

ठाण्यात, नवी मुंबईत लग्नाला घोडी ठरवताय ना, मग ॲडव्हान्स देण्याआधी मालकाला लगाम काढून दाखवायला सांगा, काटे दिसले तर साधं स्नॅफल लावूनच घोडी पाठवायची हे तिथेच पक्कं करा, आणि वरातीच्या दिवशी नवरदेव बसायच्या आधी परत एकदा बघा.