पाटावर एक, गप्पांत चार

(दृश्य: अंधारा सोपा. पाट सरकवल्याचा आवाज. समईची वात. हळूहळू उजेड.)

खंडेनवमीची सकाळ. बेळगावहून वेंगुर्ला रोडने पश्चिमेला निघालं की उचगाव, बेळगुंदीचा पट्टा लागतो. लाल माती, रताळ्याचे वेल आणि एक घर सोडून एक घर फौजीचं. आम्ही ज्यांच्या सोप्यात बसलोय त्या पाटलांनी पाट मांडलाय. पाटावर विळा, दोन कोयते, ट्रॅक्टरचा मोठा पाना, आणि झेंडूच्या पाकळ्यांत एक रिव्हॉल्वर.

(दृश्य: रिव्हॉल्वर जवळून. नळीवर कुंकवाचं बोट.)

पाटलांनी कुंकू लावलं खरं, पण लगेच धोतराच्या सोग्यानं चक्रीकडची बाजू पुसली. कुंकू आत गेलं की ते तेलात कालवतं आणि चक्री जड फिरते. देवाला हात जोडतानाही त्यांचा डोळा त्या चक्रीवरच.

पूजेला आज दोन पाहुणे आलेत. एक निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्रीचे. दुसरे निवृत्त फौजदार, कर्नाटक पोलिसांतले. गेली कित्येक वर्षं हे तिघं खंडेनवमीला इथं जमतात आणि चहा संपायच्या आत एकाच वादावर येतात. हातातलं हत्यार म्हणून चांगलं कुठलं?

आम्ही कॅमेरा लावला तो हा वाद टिपायला. पाटावर असं एकच हत्यार होतं, गप्पांत मात्र चार निघाली.

(दृश्य: सुभेदारांचा उजवा हात. अंगठा आणि तर्जनी यांच्यातलं बेचकं.)

सुभेदारांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्याकडे पुरावा आहे. बेचक्यात दोन बारीक पांढऱ्या रेघा. ही त्यांच्या आवडत्या पिस्तुलाची सही. पिस्तूल ऑटो नऊ मिलिमीटर, वन ए.

फौजेत पिस्तूल सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. जवानाचं लग्न रायफलीशी लागतं. पण सुभेदार पलटणीच्या फायरिंग टीममध्ये होते, म्हणून हे त्यांच्या हातात आलं. भरती आणि ट्रेनिंग इथंच, बेळगावात. मराठ्यांचं हे सेंटर १९२२ पासून या शहरात आहे. पहाटे कॅम्पच्या बाजूनं येणारा बिगुल ऐकतच आमच्यासारखी शहरातली पोरं वाढली.

सुभेदार ट्रेनिंगची पहिली फजिती सांगतात. उस्ताद ओरडले, "शिस्त लो!" फौजेच्या हिंदीत शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं. मराठी पोरगं बिचारं रायफल खाली ठेवून ताठ सावधान उभं राहिलं.

आता त्या पिस्तुलाबद्दल. बनलं बंगालात, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत, पण घराणं बेल्जियमचं. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिरानं त्याचा आराखडा हातात घेतला आणि १९२६ साली काम अर्धवट टाकून तो वारला. बेल्जियमच्या कारखान्यातल्या द्यूदोने सेव्ह यांनी ते १९३५ साली पुरं केलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कंपनीनं तेच पिस्तूल बनवलं आणि त्या कॅनडाच्या पिस्तुलावरून आपलं वन ए उतरलं. तेव्हाच्या बहुतेक पिस्तुलांत सात-आठ गोळ्या मावायच्या, यात तेरा. मॅगझिनमध्ये गोळ्या एकाआड एक, दोन ओळींत बसतात. एवढं असून मूठ हातात भरते, बोजड होत नाही. सुभेदारांचा जीव गुंतलाय तो या मुठीत.

खोडी नाहीत असं नाही. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे नळीवरचं सरकतं आवरण, मागं येते, घोड्याला, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या हातोडीला, मागं लववते आणि मूठ जरा वर धरली असेल तर तो घोडा बेचक्यातली कातडी चिमटीत धरतो. त्या दोन रेघा त्याच्याच. दुसरी खोडी म्हणजे मॅगझिन काढलं की चाप ओढून उपयोग नाही, गोळी सुटत नाही. नळीत एखादी गोळी विसरून राहिली तर अपघात होऊ नये म्हणून केलेली ही सोय. पण त्या सोयीपायी चापाची ओढ खरखरीत लागते. "वाळूतनं चप्पल ओढल्यागत," सुभेदार म्हणतात. तक्रार करतानाही हसत होते.

(दृश्य: फौजदार बशीत चहा ओततात.)

फौजदारांना हे काही पटत नाही. "काय सांगूलासा सुभेदार? अडकलं तर?"

त्यांचं दैवत म्हणजे वेब्ली, इंग्रजी बनावटीचं रिव्हॉल्वर, अडतीस बोअरचं, म्हणजे नळीचं भोक ०.३८ इंच, नोकरीच्या सुरुवातीला हाती आलेलं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना वाटलं, आपलं जुनं चारशे पंचावन्न बोअरचं, म्हणजे ०.४५५ इंची धूड नव्या शिपायाला पेलत नाही. म्हणून त्यांनी अडतीस बोअर धरला. त्या काळातलं हे रिव्हॉल्वर फौजदारांच्या कमरेला लागलं तेव्हा त्याचं वय फौजदारांपेक्षा जास्त होतं.

त्यांचा मुद्दा साधा आहे. पिस्तुलात गोळी फुसकी निघाली तर दोन हात लावून स्लाइड ओढा, ती गोळी बाहेर काढा, मग पुढची. रिव्हॉल्वरला पुन्हा चाप ओढला की झालं, चक्री फिरून दुसरं घर समोर येतं. सहाच गोळ्या, हे त्यांना मान्य. "सहा गोळ्यांत काम झालं नाही तर सातवीनं काय होणार? पळायचं."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माणसावर एकदाही गोळी झाडावी लागली नाही, हे ते मोठ्या समाधानानं सांगतात. झाडल्या त्या सगळ्या वार्षिक सरावाला. त्यातलं त्यांना काय आवडायचं? रिव्हॉल्वर मोडून उघडणं. अंगठ्यानं खटका दाबायचा, नळी पुढं झुकते, मधली चांदणी वर येते आणि सहाच्या सहा रिकाम्या पुंगळ्या एकदम उसळतात. हे सांगताना फौजदारांनी हातातली बशी तशीच पुढं झुकवली. थोडा चहा सांडला.

पुंगळ्यांवरून सुभेदारांना आपलीच एक फजिती आठवली. फायरिंग झालं की झाडल्या तेवढ्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. एके दिवशी एक कमी. ऊन कलेपर्यंत अख्खी टीम गवतात गुडघ्यांवर. पिस्तूल पुंगळी उजवीकडं भिरकावतं, म्हणून सगळे उजवीकडचं गवत विंचरत होते. शेवटी सापडली शेजारच्या नेमबाजाच्या दुमडलेल्या बाहीत. तो गडी ती बाही घेऊनच सगळ्यांबरोबर शोधत फिरत होता.

"आमची पुंगळी कुठं पळत नाही," फौजदार म्हणाले. माझ्या मते सकाळच्या वादातला हा एकच गुण निर्विवाद त्यांचा.

(दृश्य: पाटील रिव्हॉल्वर उचलून, उघडून, रिकामं असल्याचं दोघांना दाखवतात. दोघंही बोट घालून सहाही घरं तपासतात.)

हे बघा. गप्पा कितीही रंगल्या तरी हत्यार हातात घेतलं की तिघांचं तोंड बंद. उघडायचं, बघायचं, दुसऱ्याला दाखवायचं, मगच बोलायचं.

पाटलांचं हे रिव्हॉल्वर कानपूरचं, बत्तीस बोअर, सहा गोळ्यांचं, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. उघडतं अगदी वेब्लीसारखंच, कारण वळण तिथलंच आहे. बारा वर्षांत पाटलांनी अकरा गोळ्या झाडल्यात. आवडतं का, विचारलं तर म्हणाले, "आवडायचं काय त्यात? ह्याला तेल द्यायचं, परवाना रिन्यू करायचा, इलेक्शन आलं की ठाण्यात नेऊन ठेवायचं. घरात म्हातारं माणूस सांभाळल्यागत हाय हे."

२०२३ ला विधानसभा, २०२४ ला लोकसभा. आचारसंहिता लागली की रिव्हॉल्वर ठाण्यात, पावती पाटलांच्या खिशात. शिवाय परवान्यावर लिहिलंय, कर्नाटक राज्यापुरता. बहीण दिलीय चंदगड तालुक्यात. शिनोळी इथून हाकेच्या अंतरावर, पण ते महाराष्ट्रात. पाटील बहिणीकडं जातात, रिव्हॉल्वर कपाटात राहतं. सीमाप्रश्नावर भाषणं पुष्कळ ऐकली, पण सीमा अशी कपाटात ठेवलेली मी पहिल्यांदा पाहिली. याच कर्नाटकात कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, कोडवांना परवान्यातून सूट आहे, हे पाटील दर वर्षी न चुकता काढतात. फौजदार दर वर्षी ऐकून घेतात.

खरी हळहळ वेगळीच आहे. आजोबांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरं हाकायला घेतलेली. वडिलांची बारा बोअर, आणि हे रिव्हॉल्वर. २०१९ साली शस्त्र कायदा बदलला. परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली, पण एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं. ठासणीची गेली. आज पाटाच्या डाव्या कोपऱ्यात झेंडूची एक ओळ आहे, तिच्यात काहीच ठेवलेलं नाही.

आणि सुभेदारांचं वन ए? ते त्यांना कितीही पैसे टाकून मिळायचं नाही. नऊ मिलिमीटरचं काडतूस फौज-पोलिसांचं, म्हणून सामान्य परवान्याला तो बोअर वर्ज्य. फौजदारांची वेब्लीही सरकारचीच होती. ज्यांचा जीव जडला त्यांच्याकडं हत्यार नाही, आणि ज्यांच्याकडं आहे ते त्याला म्हातारं माणूस म्हणतात.

(दृश्य: दुपार. वडगावची गल्ली. दारांना आंब्याची पानं. मागांना हार घातलेले.)

चौथं हत्यार बघायला आम्ही तिघांना गाडीत घालून बेळगावात, वडगावला आणलं. हा विणकरांचा भाग. एरवी गल्लीत शिरलं की मागांच्या खटखटीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आज खंडेनवमी, सगळे माग पूजेला बसलेत. अशाच एका जुन्या मागाच्या शेडमध्ये एक ताई मुलांना दहा मीटर एअर पिस्तूल शिकवतात.

"आज नेम बिघडलाय सगळ्यांचा," ताई म्हणाल्या. "पोरांना त्या आवाजाची सवय. शांतता झाली की बावचळतात."

छर्ऱ्याचं पिस्तूल म्हणून फौजदार दारातच हसले. ताईंनी काही न बोलता एक कागदी निशाण त्यांच्या हातात दिलं. मधलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर. अंगावरच्या शर्टाच्या बटणाला लावून बघा म्हणाल्या. फौजदारांनी लावून बघितलं. जवळपास तेवढंच.

मग त्यांनी पिस्तूल दिलं, तेही एका हातात. या खेळात दुसरा हात लावायचा नाही, तो खिशात किंवा पट्ट्यात. फौजदारांनी हात उचलला, श्वास धरला, आणि फट्. छर्रा निशाणाच्या कागदाबाहेर, लाकडात.

"मी अजून ओढलंच नव्हतं!"

(दृश्य: चापाला टांगलेलं वजन.)

ओढलं होतं. एअर पिस्तुलाच्या चापाला नियमानं किमान ५०० ग्रॅमची ओढ लागते. सामन्याआधी पंच चापाला तेवढं वजन टांगून पिस्तूल उचलतात. वजन पेललं तर पास, चाप सुटला तर बाद. म्हणजे अर्धा किलो साखरेची पुडी. उलट रिव्हॉल्वरमध्ये एकाच ओढीत बोटाला घोडा मागं न्यायचा असतो आणि चक्री फिरवायची असते, म्हणून ती ओढ कित्येक किलोंची. त्या ओढीवर आयुष्य काढलेलं बोट इथं नुसतं टेकलं तरी पुरे.

सुभेदारांनी मात्र दोनदा नुसता हात वर नेऊन खाली आणला, चापाला शिवलेच नाहीत. तिसऱ्यांदा छर्रा सोडला. सातात. ताईंनी मान डोलावली. फौजदार बाहेर गल्लीत मागाचा प्रसाद घ्यायला गेले.

ताईंच्या टेबलावर कानस, लाकडाची पुट्टी आणि एक अक्रोडाची मूठ. कारखान्यातून आलेली मूठ कोणाच्याच हाताला नीट बसत नाही. जिथं पोकळ लागते तिथं पुट्टी भरायची, जिथं रुतते तिथं घासायचं. एका मुलीची मूठ त्या तीन महिने घासत होत्या. ते काम झालं तेव्हा तिचा हात वाढला.

पण ताईंचं स्वतःचं आवडतं पिस्तूल या शेडमध्ये नाहीच. ते बावीस बोअरचं, इटलीचं, पार्दिनी. मॅगझिन मुठीत नसून चापाच्या पुढं. नळी उंच नाही, हाताला अगदी लगटून बसवलेली, त्यामुळं गोळी सुटल्यावर तोंड उसळत नाही, सरळ मागं येतं आणि पुढच्या गोळीला नेम जागच्या जागी. त्या २५ मीटरच्या खेळात उतरायच्या. त्यात अर्ध्या गोळ्या सावकाश, अर्ध्या अशा: सात सेकंद हात खाली, मग तीन सेकंद निशाण उघडं, तेवढ्यात हात वर आणि एकच गोळी. पुन्हा सात सेकंद. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. ताई त्या सुवर्णाचा शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडायची फेरी, सांगू लागल्या की त्यांचा उजवा हात आपोआप वर-खाली व्हायला लागतो.

ते पार्दिनी उसनं होतं. तीन हंगाम वापरलं, दर वेळी पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जाऊन. मालकिणीनं विकलं तेव्हा ताईंना फोनवर कळलं.

"आणि हे बॅटरीवाले पिस्तूल?" प्रसाद खाऊन परतलेल्या फौजदारांनी विचारलं. काही एअर पिस्तुलांचा चाप आता इलेक्ट्रॉनिक असतो. ताईंना तो आवडतो, ओढ रोज तीच लागते, थंडीत बदलत नाही. फौजदारांनी लगेच टोकियो काढलं. २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. ताईंनी पॅरिस काढलं, २०२४, दोन कांस्यपदकं त्याच मुलीची. इथं वाद बराच चालला. सगळा दाखवत नाही, कारण दोघांनाही दुसऱ्याचं ऐकायचं नव्हतं.

जाता जाता पाटलांनी ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्वरचा विषय काढला. निर्भीक, कानपूरचं, २०१४ चं, पर्समध्ये मावेल असं बायकांसाठी केलेलं. सुनेसाठी ते घ्यावं का? ताई आणि सुभेदार एकदमच नाही म्हणाले. हत्यार हलकं केलं की धक्का हातालाच सोसावा लागतो. आणि वर्षातून एकदा पाटावर बसणाऱ्या हत्याराला हलकं काय, जड काय.

(दृश्य: संध्याकाळ. मुलं निशाणं गोळा करतात. ताई हवेच्या नळीचा काटा बघून पिस्तूल पेटीत ठेवतात.)

पाटील गाडीत जाऊन बसले. फौजदार ताईंना विचारत होते की पुढच्या रविवारी आलं तर चालेल का. सुभेदार मात्र टेबलापाशी उभेच. मला वाटलं चष्मा विसरले. ते इकडंतिकडं बघत होते.

"मॅडम, सही कुठं करायची?"

ताईंना कळेना. मग त्यांनी मुलांच्या हजेरीची वही पुढं केली. सुभेदारांनी खिशातलं पेन काढलं. पेटीतल्या पिस्तुलावरचा नंबर वाकून वाचला, तो लिहिला. राउंड, एक. वेळ, सतरा तीस. पुढं लिहिलं, जमा. आणि खाली सही केली.