वाळूत उतरायचं तर आधी पट्टा बघा

(पेडण्यातल्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. माईक जरा लांबच ठेवतो, गॅरेजमध्ये ओरडून बोलायची सवय लागलेली आहे. शारजात साइड-बाय-साइड गाड्या भाड्याने देणाऱ्या ठिकाणी मी बरीच वर्षं मेकॅनिक होतो, आणि इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा कोणी ना कोणी गल्फमध्ये असणारच, त्यामुळे फोटो सगळ्यांनी बघितलेत. शेजारी शेजारी दोन सीट, स्टिअरिंग, वर लोखंडी पिंजरा, दारं नावापुरती, आणि मागे वाळूचा फवारा. वजन पाऊण ते एक टन, म्हणजे थारच्या जवळपास निम्मं.

आता इथली पोरं मला भेटली की पहिला प्रश्न एकच, "सगळ्यात फास्ट कुठली?" मी म्हणतो हॉर्सपॉवर नंतर विचार, आधी विचार की इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते कशी.

कारण काय आहे, आपल्याला सवय चिखलाची. पावसात गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते ती बघायला तुमच्यातले काही जण जातात, तिथे गाडी इंच इंच सरकते, रुतली की विंचच्या दोरीने ओढून काढतात, सगळं शांतपणे चाललेलं असतं. वाळूत उलटं. चढावर थांबलात की संपलं, चाकं खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते. म्हणून रेस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, सतत दाबून ठेवावी लागते, इंजिन आणि गिअरबॉक्स दोघांनाही विश्रांती अशी मिळतच नाही, आणि वर हवा 45 डिग्री. रस्त्यावर कधी दिसणार नाही तो दोष इथे दुपारपर्यंत बाहेर येतो.

या बहुतेक गाड्यांत सीव्हीटी असतं. गिरणीचा पट्टा बघितलाय ना, तसंच, दोन पुल्या आणि मध्ये रबराचा पट्टा, फक्त इथे पुल्या स्वतःच उघडतात-मिटतात आणि त्याप्रमाणे गिअर रेशो बदलतो. चालवायला एकदम सोपं, पाय दाबला की गाडी पळाली, म्हणून भाड्याच्या धंद्यात हेच चालतं, ज्याने जन्मात वाळू बघितली नाही असा टूरिस्टही चालवून येतो. पण मागच्या चाकांना पॅडल टायर लावले, म्हणजे ते वल्ह्यासारखे पाते असलेले, की पकड जबरदस्त येते आणि तो सगळा ताण पट्ट्यावर जातो. पट्टा घसरला की तापतो, तापला की जळका रबराचा वास, आणि मग फाट्. त्याचे धागे पुलीत गुंतून बसतात, ते सगळे न काढता नवीन पट्टा चढवला तर तोही थोड्या वेळात जातो, हे मी कितीही सांगितलं तरी लोक घाई करायचेच.

आता नावं घेऊन बोलू. कॅन-अ‍ॅम मॅव्हरिक एक्स3 आली 2016 साली, 900 सीसीचं तीन सिलिंडरचं रोटॅक्स टर्बो इंजिन, सुरुवातीला 154 हॉर्सपॉवर, नंतर वाढवत 200 वर नेली. बसायची जागा खाली आणि गाडी लांब, त्यामुळे टेकडीच्या कडेवरून तिरकं जाताना जो धीर मिळतो तो माझ्या मते दुसऱ्या कुठल्या गाडीत त्या काळी नव्हता. पट्टावाली आहे, पण नीट चालवली तर टिकते. पोलॅरिसची आरझेडआर प्रो आर मात्र वेगळ्या विचाराची. 2 लिटरचं चार सिलिंडर, टर्बो नाहीच, 225 हॉर्सपॉवर. टर्बोत काय होतं, पाय दाबला आणि ताकद आली यात क्षणभर फट पडते, आणि टेकडीच्या पायथ्याशी नेमका तोच क्षण महाग पडतो. प्रो आरमध्ये ती फट नाही. वाळवंटातल्या डकार रॅलीत एसएसव्ही गट, म्हणजे याच साइड-बाय-साइड गाड्यांचा गट, 2024 ला आणि 2025 ला याच गाडीने जिंकला. पट्टा तिच्यातही आहे बरं का, ते विसरू नका.

यामाहाची वायएक्सझेड1000आर ही चालवणाऱ्याची गाडी. 998 सीसी, तीन सिलिंडर, पाच गिअरचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स, म्हणजे बाइकसारखे एकामागून एक गिअर टाकायचे, पट्टा नाहीच. इंजिन साडेदहा हजार आरपीएमपर्यंत ओरडतं, तो आवाज ऐकून मला काम सोडून बाहेर यावंसं वाटायचं. पण अर्ध्या चढावर गिअर बदलायची वेळ आली की वेग तुटतो, त्यामुळे खालीच ठरवावं लागतं दुसऱ्यात जायचं की तिसऱ्यात. नवख्याच्या हातात दिली तर क्लच जाळून आणतो.

होंडा टॅलन, 2019 ची, 999 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअरचं ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आलटून पालटून गिअर आपोआप बदलतात, पट्टा नाही. ताकद शंभरच्या आसपास, म्हणजे मोठ्या टेकडीवर ती एक्स3 च्या मागेच राहणार. पण माझे स्वतःचे पैसे टाकायचे असते तर मी हीच घेतली असती, मित्र हसतात, हसूदेत. कावासाकीची केआरएक्स1000 पट्टावाली, तिच्यात सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा, वेगळा दिल्यामुळे पट्टा कायम ताणलेला राहतो आणि कमी जळतो, डिझाइन छानच आहे. आरामात फिरायला मस्त, पण गाडी जड आणि ताकद तेवढी नाही, खोल वाळूत दम लागतो.

आणि कॅन-अ‍ॅमने शेवटी स्वतःच पट्टा काढला, मॅव्हरिक आर, 999 सीसी टर्बो, 240 हॉर्सपॉवर आणि सात गिअरचं ड्युअल क्लच. एवढी ताकद पट्ट्यावर टाकून भागणार नाही हे त्यांनाही दिसलं असणार, असं आपलं माझं मत.

चालवण्याबद्दल थोडंच सांगतो. वाळूच्या टेकडीला वाऱ्याकडची बाजू सौम्य आणि घट्ट असते, मागची बाजू एकदम तीव्र, साधारण 34 अंश, त्याहून जास्त उतारावर कोरडी वाळू टिकतच नाही, घसरून खाली येते. म्हणजे माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही. माथ्याच्या जरा आधी पाय उचलायचा, पूर्ण रेसमध्ये पलीकडे उडी मारणाऱ्यांचे सस्पेन्शन आर्म मी पुष्कळ बदललेत. कडेवर गाडी उलटायला लागली तर स्टिअरिंग उताराकडे फिरवायचं, मन ओरडून सांगतं वर वळव म्हणून, ऐकायचं नाही. आणि हात बाहेर काढून पिंजरा धरायचा नाही. गाडी पलटते तेव्हा पिंजऱ्याखाली बोटंच सापडतात. टायरची हवा कमी करायची पण मग बीडलॉक रिम, म्हणजे टायरची कड आवळून धरणारी, हवी, नाहीतर वळणावर टायर रिममधून सुटतो. उंच झेंडाही लावायचा, पलीकडून येणाऱ्याला तेवढाच दिसतो.

मागून कोणीतरी विचारतोय, मोरजी-केरीला चालवता येईल का. नाही रे बाबा. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या सीआरझेडखाली, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखाली, संरक्षित आहेत, मर्यादवेलीने धरून ठेवलेली ती वाळू एकदा चाकाखाली मोडली की समुद्र आत येतो. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालतात. किनाऱ्यावर गाडी घातली म्हणून गुन्हे नोंदवल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. हौस असेल तर जैसलमेरला सम किंवा खुरीला जा, नाहीतर काकांकडे दुबईला गेलात की हत्ता रोडवर बिग रेड नावाची मोठी वाळूची टेकडी आहे.

दुसरा प्रश्न, गल्फमधून सेकंड हँड घ्यावी का. घ्या, पण पॅडल टायर आणि लाइटी बघून भुलू नका. क्लचचं कव्हर, म्हणजे पट्टा आणि पुल्यांवरचं झाकण, उघडायला लावा, आत काळी पूड आणि धागे आहेत का बघा, पुलीच्या तोंडावर निळसर डाग असेल तर ती खूप तापलेली आहे. मग एअर फिल्टर काढून इंजिनकडच्या नळीत बोट फिरवा. बोटाला बारीक वाळू लागली तर त्या इंजिनाने वाळू प्यायलेली आहे, मालक किंमत कितीही खाली आणूदे, चहा पिऊन निघायचं.