मासा पायाखाली, स्पंज डोक्यावर

नमस्कार श्रोतेहो. मधुमेहात रात्री तळपाय जळतात, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. ज्याला होतं त्याला हे मी काय सांगणार! पायाच्या नसा सगळ्यांत लांब, म्हणून बिघाड तिथून सुरू होतो. आणि यावर आता डोक्याला वीज लावून पाहतायत. हो, डोक्याला.

पण आधी माझी आवडती गोष्ट. घरचे कंटाळलेत, तुम्ही ऐका. इसवी सन 47 च्या सुमारास रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. गाउटनं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या एका वातानं, पाय ठणकतोय? त्याचा उपाय असा: समुद्रकिनारी जा, लाट येऊन जाते तिथल्या ओलीत उभे राहा आणि काळा टॉर्पेडो मासा पायाखाली घ्या. जिवंत हवा बरं का, जिवंत! तळवा, पोटरी, पार गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर हलायचं नाही. सम्राट टायबेरियसचा अँटेरोस नावाचा मुक्त केलेला गुलाम यानंच बरा झाला, असं त्यानं लिहून ठेवलंय. मासा वीज सोडतो, हे वैद्यबुवांच्या गावीही नव्हतं. डोकेदुखीवरही हाच मासा, थेट दुखऱ्या जागेवर!

आता माशाच्या जागी मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. वीज एक-दोन मिलिअँपिअर, वेळ साधारण 20 मिनिटं. दुसरी तऱ्हा चुंबकाच्या वेटोळ्याची. ती 1985 साली इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर या संशोधकानं दाखवली. दोन्हींचा रोख मेंदूतल्या हालचालीच्या केंद्रावर, कारण तिथून वेदना दाबणाऱ्या वाटा जाग्या होतात. नीट ऐका: नस दुरुस्त होत नाही, दुखणं कमी जाणवतं. पुन्हा सांगतो, नस दुरुस्त होत नाही. तेव्हा साखर सांभाळणं आणि रोज तळवे न्याहाळणं सुटलेलं नाही. डोक्यात धातू किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र, असेल, फिट येत असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

किती दुखतं ते शून्य ते दहात सांगा म्हणतात, तो प्रकार मला मुळीच पटत नाही. पहाटे तीनचे सात आणि दुपारचे सात एक कसे? असो.

आराम काहींना पडतो, तोही काही काळ. अभ्यास लहान-लहान आहेत. त्यात तुलनेसाठी निम्म्या लोकांना स्पंज लावून अर्ध्या मिनिटात वीज गुपचूप बंद करतात, आणि त्यांतलेही काही म्हणतात, बरं वाटतंय! स्क्रिबोनियसनं एखाद्याच्या पायाखाली मेलेला मासा ठेवून पाहायला हवा होता.