रेलिंग कोणत्या हाताला?

मंडळी, पावसाळा आला की आपल्या पुण्यात रेसचा मोसम येतो. एम्प्रेस गार्डनकडे जाता-येता रेसकोर्स सगळ्यांनीच पाहिलाय. घोडे कुठल्या अंगाला वळतात, हे किती जणांनी पाहिलंय?

खूण सोपी आहे. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. तशी आतली रेलिंग घोड्याच्या उजवीकडे असली, तर तो उजव्या हाताचा रेसकोर्स. स्टँडमधून पाहिलं तर तिथे घोडे शेवटच्या सरळ पट्ट्यात उजवीकडून डावीकडे जातात.

अमेरिकेत सगळीकडे डावं वळण. केंटकीच्या विल्यम व्हिटली या माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या रागापोटी उलटी धाव सुरू केली, असं सांगतात. मला हे कारण अपुरं वाटतं. न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर १९२१ पर्यंत घोडे उजव्या हातानेच पळत होते. आणि खुद्द इंग्लंडमध्ये तरी एक रीत कुठे आहे? अॅस्कट उजवं, तर डर्बी शर्यतीचं एप्सम डावं. माळरान, टेकडी, उतार जसा मिळाला तशी तिथली वाट पडली. हाँगकाँग उजवं, दुबईचा मेदान नावाचा रेसकोर्स डावा. जपानमध्ये तर नाकायामा उजवं आणि टोकियो डावं. तीन वर्षांच्या घोड्याला काही आठवड्यांच्या अंतराने दोन्हीकडे मोठ्या शर्यती पळाव्या लागतात.

खरी गोष्ट घोड्याच्या पायात आहे. भरधाव पळताना त्याचे पुढचे दोन पाय बरोबरीने पडत नाहीत, एक दुसऱ्याच्या पुढे पडतो. डाव्या वळणावर डावा पुढे हवा, उजव्या वळणावर उजवा. चुकीचा पाय पुढे ठेवून वळणात शिरला, तर तोल सांभाळता सांभाळता घोडा बाहेर ओढला जातो. वळण संपलं की चांगला घोडा पाय बदलतो आणि राबलेल्या पायाला उसंत मिळते. हे एका क्षणात होतं. मला अख्ख्या शर्यतीत याहून सुंदर काही दिसत नाही.

मग काही घोडे एकाच अंगाला का खुलतात? आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. जुवाच्या उजव्या अंगाला मुरलेला बैल डावीकडे जुंपला की अडतो, कारण अंगाला तीच सवय लागलेली असते. म्हणून घोड्याला लहानपणापासून दोन्ही अंगांनी फिरवावं, असं मी कळकळीने सांगतो.

ऑस्ट्रेलियाची विंक्स नावाची घोडी घ्या. राहायची सिडनीला, म्हणजे उजव्या वळणाच्या गावी. मेलबर्नला सगळं डावं. तिथली कॉक्स प्लेट तिने २०१५ ते २०१८ अशी ओळीने चार वेळा जिंकली आणि दर वेळी घरी परतून उजवीकडेही जिंकत राहिली. सलग ३३ विजय. त्यातला शेवटचा एप्रिल २०१९ मधला, सिडनीच्या रँडविकवर, उजव्या वळणावरचा.