‘प्रभूची इच्छा’ कोणी म्हणायचं?

(नाशिकमधील शरणपूर येथे उपवासकाळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी, बंधुभगिनींनो,

विषय दिलाय ‘दुःखात देवाच्या इच्छेवर विश्वास’. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबापासून प्रेषित पौलापर्यंत जायचं ठरवून आलोय. पण आधी मनात साचलेलं एक बोलू द्या.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अपघातात गेला. ऐन विशीतला पोरगा. दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरी सतरंजी अंथरलेली, माणसं येताहेत, गीतं म्हटली जाताहेत. ती भिंतीला टेकून बसलेली आणि मांडीवर त्याचा इस्त्रीचा शर्ट. एक काका आले, चहा हातात घेतला आणि म्हणाले, “बाई, रडू नको. प्रभूची इच्छा.” मागोमाग एक ताई आल्या, “देवाला चांगली फुलं लवकर हवी असतात.” तिसऱ्यानं तर कहर केला. म्हणाला, “घरात कौटुंबिक प्रार्थना नियमित होत होती ना?” माझी बहीण उठली, शर्ट घडी घालून कपाटात ठेवला आणि मोरीत जाऊन पाहुण्यांचे कप विसळत बसली. लोक गेले तरी बाहेर आली नाही. पुढे कितीतरी दिवस ‘प्रार्थना करू या’ म्हटलं की ती खोलीबाहेर जायची.

बायबल उघडून बघा, ही तिघं जुनीच आहेत. ईयोबाचे मित्र अलीफज, बिल्दद, सोफर. हसलात, म्हणजे आपल्या मंडळीतले ओळखलेत! पण त्या तिघांचं एक मानायला हवं. ईयोबाजवळ सात दिवस, सात रात्री ते जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव कोणावर रागावतो? त्यांच्यावर. आणि ज्यानं जन्मदिवसाला शाप दिला, देवाला थेट जाब विचारला, त्या ईयोबाबद्दल म्हणतो की तोच माझ्याविषयी यथार्थ बोलला. बेचाळिसावा अध्याय, सातवं वचन. घरी जाऊन वाचा.

आपल्या लक्ष्मीबाई टिळक घ्या, इथल्याच जलालपूरच्या. १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या वर्षांतला आकांत आणि संताप ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी जराही झाकलेला नाही. त्यांच्या विश्वासाला त्यानं काही उणेपण आलं का?

लक्ष्मीबाईंवर मी तासभर बोलेन, पण चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हटलं, हे आपण फलकावर लिहितो. त्याच्या आधीचं अर्धं वाक्य गाळतो: हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून दूर कर. तीनदा प्रार्थना केली त्यानं. पौलानंही शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारी पीडा, काढ म्हणून तीनदाच विनवलं. काटा गेला नाही, कृपा मिळाली. वधस्तंभावर प्रभूच्या ओठी आलं ते बाविसावं स्तोत्र, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा सगळा विश्वासच आहे, कारण तक्रार देवाकडेच चालली आहे, त्याला सोडून दुसरीकडे नाही. रोमकरांस पत्रात, आठव्या अध्यायात, पौल ‘सगळं चांगलंच घडतं’ असं म्हणत नाही. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, असं म्हणतो. दोन्हींत फार अंतर आहे. आणि ‘तुझी इच्छा’ हे ज्याचं दुःख, त्यानंच म्हणायचं. प्रभूच्या वतीनं बागेत ते त्याचा शिष्य पेत्र यानं म्हटलं नाही. तो झोपला होता, तेही एका परीनं बरंच झालं.

तेव्हा सांत्वनाला जाल तेव्हा डबा घेऊन जा. भांडी पडली असतील तर घासा. वाचायला सांगितलं तर तेरावं स्तोत्र काढा, सहाच वचनं आहेत. पहिल्या चारांत नुसतं ‘कोठवर?’ आणि गाऱ्हाणं. घरच्यांपैकी कोणी चौथ्यापाशी थांबलं तर थांबू द्या. शेवटची दोन त्यांना जमतील तेव्हा ते वाचतील.

पौलाच्या काट्याबद्दल ज्यांना विचारायचंय, त्यांनी प्रश्नोत्तरांत विचारा.