लमुएलाच्या आईची शिकवण

(मंडळीतील पालक आणि तरुण यांच्या एकत्रित सभेत एका आईने केलेले भाषण, संपादित स्वरूपात)

प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम.

पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. लग्नात वाचतो, महिलांच्या सभेत वाचतो. पण वाचायला सुरुवात करतो ती दहाव्या ओवीपासून, सद्गुणी स्त्रीपासून. आधीच्या नऊ ओव्या राहून जातात. त्या आहेत लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीच्या. ती त्याला माझ्या पोटच्या मुला, माझ्या नवसाच्या मुला अशी हाक मारते आणि लगेच सांगते, आपलं बळ स्त्रियांच्या नादी लागून घालवू नकोस. मद्याची गोष्ट नंतर येते. राज्यकारभार, गोरगरिबांचा न्याय, ज्याला तोंड नाही त्याच्यासाठी तोंड उघडणं, हे सगळं त्याच्याही नंतर. मुलगा राजा आहे, मोठा झालेला आहे. तरी आई स्वतः, स्पष्ट शब्दांत, हा विषय सर्वांत आधी काढते. ‘बाबांना सांगते तुझ्याशी बोलायला’ असं म्हणून बाजूला होत नाही.

आपल्या घरांत काय होतं? मुलगा चौदा-पंधराचा झाला की या विषयावर एकच वाक्य ऐकतो, ‘असलं काही करू नकोस.’ असलं म्हणजे कसलं, ते कुणी सांगत नाही. मुलीला तेवढंही नाही, तिला नुसते नियम मिळतात.

म्हणून आज मी एकच आग्रह धरणार आहे. मुलांबरोबर रोज पवित्र शास्त्र वाचा, आणि वाचताना काही गाळू नका. मोहाबद्दल मुलांशी वेगळं, ठरवून बोलायला बसलं की आपलीही जीभ अडखळते आणि मुलंही मान खाली घालतात. पण रोज एक अध्याय क्रमाने वाचणाऱ्या घरात तो विषय आपोआप समोर येतो. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत. तारखेप्रमाणे एकेक वाचला तर दर महिन्याच्या ५, ६ आणि ७ तारखेला बाप मुलाला याच गोष्टीबद्दल सावध करताना दिसतो. वर्षातून एकदा घाबरत घाबरत केलेल्या उपदेशापेक्षा हे कितीतरी बरं.

सातवा अध्याय नीट पाहा. बाप खिडकीच्या जाळीतून रस्त्यावर बघतोय. एक अक्कल नसलेला तरुण संध्याकाळी, अंधार पडताना, दुसऱ्याच्या बायकोच्या घराच्या कोपऱ्यावरून चाललाय. ती त्याला म्हणते, आजच मी माझे नवस फेडले. म्हणजे बोलण्याची सुरुवात धर्माच्या गोष्टीने. मग मिसर देशाची तलम वस्त्रं, बोळ, अगरू, दालचिनी. मग नवरा लांबच्या प्रवासाला गेलाय, पैशाची थैली घेऊन गेलाय, पौर्णिमेशिवाय येणार नाही. बघा, शास्त्र मोहाचं वर्णन किती बारकाईने करतं. तो गोड आहे, सुगंधी आहे, कुणाला कळणार नाही असं तो म्हणतो, हे बाप लपवत नाही. आपण मुलांना सांगतो की ते सगळं घाणेरडं आहे. मग पहिल्यांदा ते गोड वाटलं की मुलगा म्हणतो, आईबाबा खोटं सांगत होते. बाप आधी गोडी सांगतो आणि मग त्या गोडीचा शेवट दाखवतो.

आणि शरीर घाणेरडं आहे असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. पाचव्या अध्यायात तोच बाप मुलाला सांगतो, तारुण्यातल्या आपल्या पत्नीच्या ठायी आनंद मान. गीतरत्न हे प्रेमगीतांचं पुस्तक आपल्याच शास्त्रात आहे. देवाने दिलेली ही देणगी आहे, तिला लग्नाचं घर आहे, म्हणून तिचं राखण करायचं. एवढं मुलांना कळलं की ‘नाही’ म्हणण्याला अर्थ येतो.

आता एक अवघड अध्याय. दुसरं शमुवेल, १३ वा. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीच्या, तामारेच्या, मागे वेडा होतो. योनादाब नावाचा मित्र, तोही चुलतभाऊच, त्याला आजारपणाचं सोंग करायला शिकवतो. तामार त्याला हात जोडून सांगते, असं करू नकोस. तो ऐकत नाही, जबरदस्ती करतो. आणि लगेच त्याला तिचा इतका तिटकारा येतो की आधीच्या प्रेमापेक्षा तो द्वेष मोठा होता असं लिहिलंय. वासना आणि प्रेम यांतला फरक मुलांना दाखवायला इतका स्पष्ट मला दुसरीकडे कुठे सापडला नाही. तिने नको म्हटलं तिथेच थांबायचं होतं, हे आपल्या मुलांना आपल्या तोंडून ऐकू द्या. आणि मुलींना ऐकू द्या की शास्त्र तामारेवर एक शब्दाचाही दोष ठेवत नाही.

पण त्या अध्यायात मला सगळ्यात जास्त टोचतो तो बाप. दावीदाने हे ऐकलं आणि तो फार संतापला. बस, एवढंच. मुलाला जवळ बसवलं नाही, जाब विचारला नाही, मुलीला न्याय दिला नाही. का बोलला नसेल? लिहिलेलं नाही. पण दोनच अध्याय आधी गच्चीवरून दुसऱ्याच्या बायकोला, बथशेबेला, पाहून त्याने जे केलं, ते मुलांना माहीत नसेल का? मला वाटतं, त्याचं तोंड तिथे बंद झालं. आणि तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाशी बरंवाईट काहीच बोलला नाही, अशी दोन वर्षं गेली. मग अबशालोमाने अम्नोनाला मारून टाकलं. बापांनो, तुमच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये जे आहे ते तुम्हाला मुलासमोर मुकं करू शकतं. नाथान संदेष्ट्यासमोर दावीदाने आपलं पाप कबूल केलं होतं, त्याला क्षमाही मिळाली होती. ते पश्चात्तापाचं ५१ वं स्तोत्र मुलाला घेऊन वाचता आलं असतं.

तरुण मुलांनो, आता तुमच्यासाठी. योसेफाला त्याच्या भावांनी विकलं ही गोष्ट त्याच्या सतराव्या वर्षी सुरू होते. तुमच्यातल्या कितीतरी जणांचं हेच वय. परका देश, घरचं कुणी जवळ नाही, मालकाची बायको मागे लागलेली, आणि तीही एक दिवस नाही, दररोज. त्याच्या हातात शास्त्राचं पुस्तक नव्हतं, तेव्हा ते लिहिलेलंच नव्हतं. जे होतं ते बापाच्या तंबूत ऐकलेलं. तेवढ्यावर तो म्हणाला, मी देवाविरुद्ध पाप कसं करू? तुम्ही पुण्या-मुंबईला शिकायला जाल, कॉट बेसिसवर राहाल, तिथे रात्री अकरा वाजता आई नसते. तिथे पुस्तक उघडेलच असं नाही. जे पाठ आहे तेच आठवेल. प्रभू येशूनेही अरण्यात सैतानाला तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या शास्त्रातल्या पुस्तकातल्या पाठ असलेल्या वचनांनीच उत्तर दिलं. म्हणून रोज वाचाल त्यातली एक ओवी पाठ करा.

आणि योसेफ पळाला. झगा टाकून पळाला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याला त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांनी बालपणापासून शास्त्र शिकवलेलं होतं. त्याच तीमथ्याला पौल लिहितो, तारुण्यातल्या वासनांपासून पळ. म्हणजे शास्त्र पाठ असलेल्यानेही तिथे उभं राहून आपलं बळ अजमावायचं नाही. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आईबाबांचेही तिथेच. एकटं असताना ज्या ॲपमुळे घसरायला होतं ते काढून टाका. ज्या मित्राच्या ग्रुपवर तसले व्हिडिओ येतात तो ग्रुप सोडा. योनादाब प्रत्येक काळात असतो. लोक हसतील. योसेफाला तर तुरुंग मिळाला, आणि पळाल्याचं चांगलं फळ दिसायला फार वर्षं लागली. हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

कुणी म्हणेल, आम्ही फार शिकलेल्या नाही, मुलांना काय समजावणार? केडगावच्या पंडिता रमाबाई आठवा. लहानपणी त्या स्वतः आईच्या तोंडून संस्कृत ग्रंथ शिकल्या. पुढे इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर हे काम त्यांनी पूर्ण केलं होतं. ज्या बाईला जेमतेम वाचता येतं तिच्यासाठी हे कष्ट होते. तुम्ही मोठ्याने वाचा, मुलगा प्रश्न विचारेल. उत्तर आलं नाही तर पाळकांना विचारू म्हणा.

शेवटी, पडलेल्या मुलाबद्दल. मुलगा पाहू नये ते पाहतो आणि दुसऱ्या दिवशीपासून वाचायला बसत नाही. डोकं दुखतंय, अभ्यास आहे, काहीही सांगतो. आया ओळखतात, पण रागवायची घाई करतात. रागावू नका. त्याला वाटतंय, आता या पुस्तकाला हात लावायची माझी लायकी नाही. त्याच दिवशी त्याला शेजारी बसवा, प्रश्न न विचारता योहानाचं पहिलं पत्र, पहिला अध्याय वाचा. आपण पाप कबूल केलं तर तो क्षमा करायला विश्वसनीय आहे, ही ओवी येईपर्यंत वाचा. तो बोलेल, आज नाही तर आठवड्याने. बोलला की ऐकून घ्या, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगू नका, प्रार्थनेच्या नावाखाली महिला मंडळातही नाही.

आता सगळ्यांनी नीतिसूत्रे, ५ वा अध्याय काढा. पहिल्या ओवीपासून वडील मंडळी वाचतील, आठव्या ओवीपासून आया, आणि पंधराव्यापासून शेवटपर्यंत मुलं.