खुर्चीत कोणीतरी असायला हवं

नमस्कार. पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'विद्यार्थी स्वयंसेवक : निवड आणि प्रशिक्षण' असा छापलाय. त्यावर मी बोलणारच आहे. पण एक गोष्ट बऱ्याच दिवसांपासून मनात घोळतेय, ती आधी मांडू द्या. ती पटली नाही, तर निवड कशी करायची हा प्रश्नच वेगळा होऊन बसतो.

मी कॉलेज सांभाळून मुलांना फुटबॉल शिकवते. साधारण दहा-बारा वर्षांची मुलं. आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी हॉस्पिसमध्ये जाते, जिथे आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेली माणसं असतात. ही दोन कामं एकत्र कशी जमतात, असं मला नेहमी विचारतात. विचारणाऱ्याला वाटतं, एकीकडचा ताण मी दुसरीकडे उतरवत असेन. माझा अनुभव तसा नाही. मला दोन्हीकडे एकाच प्रकारची माणसं भेटतात. मैदानाच्या कडेला राखीव म्हणून बसवलेला मुलगा, आणि 'आता करण्यासारखं काही उरलं नाही' असं सांगितलेला रुग्ण. दोघांना बाजूला काढणारा हिशोब एकच आहे : जिथून निकाल येईल तिथेच लक्ष द्यायचं.

इथे शाळेच्या संघात सगळ्यात शेवटी निवड व्हायची असे किती जण आहेत? हात वर करा. (हशा) बघा, पहिल्या रांगेतल्या सरांनी तर दोन्ही हात वर केलेत. सर, तुमचा जन्म कोणत्या महिन्यातला? नोव्हेंबर? मग हे तुमच्यासाठीच आहे. 1985 साली रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. तिथे वयोगट 1 जानेवारीला बदलतो. वरच्या पातळीवर पोहोचलेल्या खेळाडूंमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खूप जास्त निघाले आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतले खूप कमी. जानेवारीतला दहा वर्षांचा मुलगा डिसेंबरमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. उंची, ताकद, समज, सगळंच थोडं पुढे. प्रशिक्षकाला ते कौशल्य वाटतं, तो त्याला जास्त खेळवतो, जास्त शिकवतो, आणि दोन-तीन वर्षांत तो खरोखरच चांगला होतो. नंतर इतर खेळांत आणि इतर देशांतही हेच दिसून आलं. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. जिंकायचं असतं, एवढंच.

मैदानावर हे उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल तर रांग बघा. एक चेंडू, एक गोल आणि समोर पंधरा मुलांची रांग. प्रत्येक जण एक किक मारतो आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहतो. सरावाच्या तासात मुलाच्या पायाला चेंडू किती वेळ लागला, हे कोणीतरी मोजावं. त्याच मुलांचे तीन-तीनचे संघ केले आणि मैदानाचे छोटे तुकडे पाडले, की लपून राहायला जागाच उरत नाही. सगळ्यात बुजऱ्या मुलाकडेही चेंडू येतोच.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी 1970च्या दशकात मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचं वागणं मैदानाच्या कडेला बसून नोंदवलं. चूक झाल्यावर प्रशिक्षक काय करतो, चांगल्या प्रयत्नाला दाद देतो की गप्प राहतो, असं सगळं. मग काही प्रशिक्षकांना थोडं प्रशिक्षण दिलं : दाद द्या, चुकल्यावर धीर द्या, मग कसं करायचं ते सांगा, अपमान करू नका. हे प्रशिक्षक काही जास्त सामने जिंकले नाहीत. पण मुलांना ते जास्त आवडले, आणि ज्या मुलांचा स्वतःवर कमी विश्वास होता त्यांच्यात सगळ्यात जास्त फरक पडला. 1992 सालच्या अभ्यासातला आकडा मला पाठ आहे : प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांकडची 26 टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळायला आली नाहीत, प्रशिक्षण घेतलेल्यांकडची फक्त 5 टक्के. गुणफलकावर काही दिसत नव्हतं, आणि मैदानाबाहेर मुलं गळत होती.

आता हॉस्पिसकडे येते. आधुनिक हॉस्पिस चळवळ सुरू करणाऱ्या सिसिली सॉण्डर्स यांचं नाव इथल्या बहुतेकांना माहीत आहे. त्यांनी उभारलेलं लंडनमधलं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, 1967. शारीरिक दुखण्याबरोबर मनाचं, घरच्यांचं, श्रद्धेचं दुखणंही एकत्रच बघायला हवं, हा त्यांचा विचार. दुखणं उसळेपर्यंत थांबू नका, मॉर्फिन ठरलेल्या वेळी द्या, हा त्यांचा आग्रह. हे सगळं पुस्तकात असतं. माझा जीव अडकतो तो त्याआधीच्या काळात. त्या आधी परिचारिका होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या. 1948 साली डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक निर्वासित, त्यांच्या परिचयातला रुग्ण, लंडनमधल्या एका रुग्णालयात कर्करोगाने गेला. जाताना त्यांच्या भावी संस्थेसाठी 500 पौंड ठेवून गेला. आणि त्याच सुमारास सॉण्डर्स संध्याकाळी एका जुन्या शुश्रूषागृहात जाऊ लागल्या. कशा म्हणून? स्वयंसेवक म्हणून! ठरलेल्या वेळी वेदनाशामक देण्याची पद्धत त्यांनी तिथेच पाहिली. वैद्यकीय शिक्षण त्यानंतरचं, डॉक्टर झाल्या त्या 1957 साली. ही सगळी चळवळ संध्याकाळी रिकामा वेळ असलेल्या बाईच्या नजरेतून निघालीय, हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत का नाही?

आणि ही नजर स्वयंसेवकाचीच का? कारण रुग्णाच्या खोलीत बाकी प्रत्येकाला काहीतरी उरकायचं असतं. डॉक्टरांना राउंड, सिस्टरना औषधांच्या वेळा. घरच्या माणसांना तर त्यांचं दुःखच पुरून उरतं. फक्त स्वयंसेवकाच्या हातात काम नसतं. हीच त्याची किंमत.

यावरून मला जे सांगितल्याशिवाय राहवणार नाही ते सांगते. आयोजकांनी माफ करावं.

मी एका विद्यार्थी-सेवा योजनेतून हॉस्पिसमध्ये गेले. योजनेचं नाव घेणार नाही. तिथे माझ्याकडे एक आजोबा आले. आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेले. त्यांना गप्पा नको असत. वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, तेही फक्त छोट्या जाहिराती. भाड्याने देणे आहे, हरवले आहे, वधू पाहिजे. अग्रलेख सुरू केला की हात हलवायचे. जाहिरातीत छपाईची चूक सापडली की डोळे उघडायचे, 'पुन्हा वाच' म्हणायचे आणि स्वतः दुरुस्त करून सांगायचे. पुढे पुढे वाचनही थांबलं. मी जायचे तेव्हा ते बहुतेक वेळ झोपलेले असत. मी खुर्चीत बसून राहायचे, ओठ कोरडे पडले की सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे ओल्या स्पंजने टिपायचे. मध्येच त्यांना जाग यायची. ते आधी खुर्चीकडे बघायचे. तिथे कोणी आहे असं दिसलं की पुन्हा डोळे मिटायचे.

महिन्याच्या शेवटी तक्ता भरायचा होता. एक रकाना 'लाभार्थी संख्या'. मी लिहिलं, एक. कार्यालयातून फोन आला : 'एकच?' दुसरा रकाना 'संवादाचे तास'. मी बसलेले सगळे तास लिहिले होते. पलीकडून अगदी सौजन्याने सांगितलं गेलं, रुग्ण झोपलेला असतानाचे तास धरता येत नाहीत, कारण त्या वेळी सेवा झालेली नाही. मी विचारलं, मग उठल्यावर त्यांनी खुर्चीकडे बघितलं, तो अर्धा मिनिट धरू का? त्यासाठी तक्त्यात जागा नव्हती. माझ्याबरोबरच्या मुलीला तर शांतपणे सुचवण्यात आलं की तिने एका दुपारी चार-पाच रुग्णांकडे जावं, म्हणजे प्रमाणपत्र लवकर पूर्ण होईल. तिने ते ऐकलं. तिला मी दोष देत नाही, तिला पुढच्या प्रवेशासाठी ते प्रमाणपत्र हवं होतं. पण मग प्रत्येक खाटेजवळ काही मिनिटं, नाव, 'कसं वाटतंय', आणि पुढे. रुग्णाने पाचव्यांदा आपला आजार नवीन माणसाला पहिल्यापासून सांगायचा. मला याचा आजही राग येतो. जिथे निकालाचा हिशोब संपतो म्हणून हॉस्पिस आहे, तिथेच आपण तो हिशोब विद्यार्थ्याच्या हाती देऊन पाठवतो.

तास मोजूच नयेत असं मी म्हणत नाही. अमेरिकेत मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिसला पगारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान 5 टक्के इतके तास स्वयंसेवकांकडून करून घ्यावे लागतात, तसा नियमच आहे. पण ती अट संस्थेवर आहे. दार उघडं ठेवा, बाहेरच्या माणसाला आत येऊ द्या, असं ती संस्थेला बजावते. आपल्याकडे केरळात 1993 साली कोझिकोडला सुरू झालेल्या अशा रुग्णांच्या वेदनाशमनाच्या कामातून पुढे वस्तीपातळीवरचे स्वयंसेवक उभे राहिले. रुग्ण आपल्याच भागातला, त्यामुळे ओळख टिकते आणि...

पाच मिनिटं? बरं. मग छापलेल्या विषयावर झरझर बोलते.

निवड. मुलाखतीत 'तुला सेवा का करायची आहे' हे विचारू नका, सगळे एकच उत्तर देतात. त्याला एक दुपार नुसतं बसायला लावा, मोबाइल बाहेर ठेवून. मैदानासाठी असेल तर राखीव मुलांबरोबर अर्धा तास सोडा आणि त्यांची नावं किती लक्षात राहिली ते पाहा. नुकतंच घरातलं कोणी गेलं असेल, तर त्या विद्यार्थ्याला लगेच खाटेजवळ पाठवू नका. काही काळ थांबायला सांगा आणि तेवढ्यात दुसरं काम द्या.

प्रशिक्षण. उभं राहून बोलू नये, रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीला बसावं. हात धरण्याआधी विचारावं. 'बरे व्हाल' म्हणू नये. औषधाला हात लावू नये, दुखतंय म्हटलं की सिस्टरना बोलवावं. शेवटच्या दिवसांत भूक जाते, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, हे आधीच समजावून सांगा. नाहीतर पोरगं घाबरतं आणि पुन्हा येत नाही. मुलांच्या प्रशिक्षकांना आधी दाद, मग दुरुस्ती हे नुसतं सांगून भागत नाही. कोणाला तरी कडेला बसवून त्यांचं वागणं नोंदवा आणि त्यांना दाखवा. प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात खेळेल, हा नियम हंगामाआधी पालकांसमोर लेखी मांडा. उपांत्य फेरीत तो मोडायची मागणी येतेच.

शेवटचा मुद्दा, परीक्षा. विद्यार्थी परीक्षेच्या काळात गायब होतात, आणि याची तयारी कोणीच करत नाही. मुलांना संघाचा कोच अचानक बदललेला दिसतो, रुग्णाला खुर्ची रिकामी दिसते. म्हणून नेमणूक जोडीने करा. दोघांनीही पहिल्या दिवसापासून जायचं, म्हणजे एक जण नसला तरी दुसरा ओळखीचा असेल. आणि 'पुढचे तीन आठवडे मी येणार नाही, तोवर ही येईल' हे जाणाऱ्याने स्वतः तोंडाने सांगायचं, रुग्ण झोपलेला असेल तर तो जागा होईपर्यंत थांबून. तो थांबलेला वेळही तक्त्यात धरा.